दोनदा दाबलेलं बटण

१

आमच्या हिने उभ्या आयुष्यात लाल दिव्याला रस्ता ओलांडला तो एकदाच.

एरवी भर दुपारी चौकात चिटपाखरू नसलं तरी ही खांबाजवळ पिशवी सांभाळत उभी. त्या खांबाला पायी जाणाऱ्यांसाठी एक बटण होतं. ते दाबलं की वर 'थांबा' असा पिवळा दिवा लागायचा, आणि आपली पाळी आली की पलीकडच्या दिव्यात हिरवा माणूस. ही ते बटण दोनदा दाबायची. "एकदा दाबलं की पुरे गं, यंत्र काही बहिरं नाहीये," मी म्हणायचो. "पहिलं यंत्रासाठी, दुसरं माझ्या समाधानासाठी," असं तिचं ठरलेलं उत्तर. शिवाय कुठेही गेली की मुलीला फोनवर एकच शब्द पाठवायची, 'पोचले.' कोपऱ्यावर पाव आणायला गेली तरी 'पोचले.' मी त्यावर 'बरं' लिहायचो, कारण ती मलाही पाठवायची, मी घरातच बसलेला असलो तरी.

चौदा महिन्यांपूर्वी त्याच चौकात, बाजूच्या गल्लीतून वळलेल्या एका टेम्पोने तिला उडवलं. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की पादचाऱ्यांचा दिवा लाल होता, चूक पादचाऱ्याचीच. इस्पितळातून तिच्या वस्तू परत मिळाल्या. पिशवी, घड्याळ आणि एक सपात. दुसरी सपात सापडलीच नाही. मी तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर होतो. एवढंच मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

मुलगी शाळेत गणित शिकवते. तिला उत्तर जुळलं नाही की झोप लागत नाही. "आई आणि लाल दिव्याला? शक्यच नाही, बाबा," ती म्हणाली. "दिवाच चुकला असणार. तुम्ही जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेत. तसा सिग्नल बनवा आणि तो कसा चुकू शकतो ते मला करून दाखवा. मी पोलिसांकडे अर्ज करते. आईच्या नावापुढची ती 'चूक' मला खोडायचीय."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो.

२

चौकातला जुना सिग्नल तोवर उतरवलाच होता. आता तिथे आकडे उलटे मोजणारा नवा बसलाय. खांबांवर चढणारा सिग्नलवाला माझ्या ओळखीचा, त्याने जुनं डबडं घरी आणून टाकलं. गाड्यांचे तीन दिवे, पायी जाणाऱ्यांचे दोन, 'थांबा'चा पिवळा, आणि ते लोखंडी बटण. जाताना दारात घुटमळला. "काका, राग मानू नका," म्हणाला, "पण हा दिवा कधी चुकला नाही. बारा वर्षं मीच बघतोय."

"माहितीये मला," मी म्हणालो. त्याने चमकून बघितलं आणि निघून गेला.

मग रोज दुपारी जेवण आणि डुलकी झाली की मी टेबलाशी बसू लागलो. सर्किट, म्हणजे विजेचं मंडळ, तसं पोरखेळाचंच. एक चिप घड्याळासारखे ठोके देते, दुसरी ते ठोके एक ते दहा मोजते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पहिले पाच ठोके गाड्यांना हिरवा, सहाव्याला पिवळा, उरलेले चार लाल. तिसरी चिप म्हणजे बटणाची आठवण. कोणी बटण दाबलं की ती लक्षात ठेवते आणि पाळी येईपर्यंत 'थांबा' दिवा पेटता ठेवते. जुने बल्ब काढून मी छोटे दिवे बसवले. डबडं बाहेरच्या खोलीत, टेबलावर. समोर सरळ बोळ, स्वयंपाकघरापर्यंत, तोंडाशी एक पडदा. बटण मी लांब वायरीने बोळाच्या त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या चौकटीला लावलं. मुलीला सगळं हुबेहूब हवं होतं, आणि बोळ अगदी रस्त्याएवढा नसला तरी रस्ता म्हणून खपला असता.

पायी जाणाऱ्यांचा हिरवा माणूस मात्र मी जोडला नव्हता. आज जोडू, उद्या जोडू. त्याची वायर टेबलावर लोंबत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

पहिल्यांदा घडलं तेव्हा मी चहाचा कप पुसत होतो. कुठून तरी आवाज आला, टक टक. वर बघितलं तर 'थांबा' पेटलेला.

मला हसूच आलं. या धंद्यातला प्रत्येकजण हे जाणतो. बटणातली पत्र्याची पट्टी दाबल्यावर थरथरते, एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं. त्याला ती थरथर गिळणारा एक छोटा कपॅसिटर लावला की काम झालं. मी तो लावला. मग माझ्या लक्षात आलं की थरथरायला आधी कोणाला तरी ते दाबावं लागतं.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वाजून वीस मिनिटांनी टक टक, आणि 'थांबा'.

जिथे माशी शिंकली ती जागा शोधणं हाच माझा जन्माचा धंदा. मी पाठच सोडली नाही. चिपची मोकळी टोकं हवेतली वीज पकडतात, नुसता हात जवळ नेला तरी भुलतात. ती सगळी अर्थिंगला जोडली. शेजारणीचं धुलाई यंत्र सुरू होताना झटका देत असेल, म्हणून मी तिला यंत्र बंद ठेवायला सांगितलं. तिने ठेवलंही, बिचारीने दोन दिवस कपडे बादलीत धुतले. मग वाटलं वायरच लांब आहे, ती अँटेनासारखी वागतेय. मी वायर कापली. बटण चौकटीवरून काढलं आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

त्या दिवशी मी खुर्चीत बसून घड्याळाकडेच बघत होतो. तीन वाजून वीस मिनिटं झाली. टक टक. आवाज ड्रॉवरमधून नाही आला. बोळाच्या त्या टोकावरून आला, चौकटीपाशी, जिथे आता स्क्रूची दोन भोकं होती.

'थांबा' पेटला.

मी उठून बोळात गेलो नाही. खोटं कशाला बोला, धीर झाला नाही. मी बसूनच ऐकलं. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. फ्रिजने एक घरघर केली आणि गप्प झाला. आणि त्या सगळ्यामागे कोणी तरी उभं असल्याची ती शांतता, जी आपल्याला पाठ फिरवलेली असली तरी ओळखू येते. पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्यासारखी कापडाची सळसळ. बस, एवढंच.

मला भीती वाटली का? वाटली. पण दुसऱ्याच क्षणी इतकं रडू आलं की भीतीला जागाच उरली नाही. कारण मला कळलं की ती पाळीची वाट बघत होती, आणि पाळी येणारच नव्हती. हिरवा माणूस मी जोडलाच नव्हता. लाल दिव्याला ती येणार नाही. चौदा महिने झाले, आता तर नाहीच नाही.

मग मी काय केलं, तर काहीच नाही. नीट जोडणी करायला अर्धा तास पुरला असता. पण वायर जोडली की ही पाळी घेणार, आणि मग कुठे जाणार? जोवर दिवा 'थांबा' म्हणतोय तोवर ती निदान घरात होती. मी आठ दिवस रोज दुपारी सव्वातीनला मंडळ सुरू करत राहिलो. दोन कप चहा करून एकच पीत राहिलो. "थांब हं जरा," असं मोठ्याने म्हणायचो. चौदा महिन्यांत मी घरात एवढं बोललो नव्हतो.

पुढे तर मी तिला मुलीच्या शाळेच्या गमतीही सांगू लागलो. उत्तर कधी आलं नाही. मी बोळाच्या तोंडापर्यंत गेलो मात्र कधीच नाही.

४

मुलीचा फोन आला. "रविवारी येते, बाबा. अर्ज लिहून झालाय. फक्त दोष कसा होतो तेवढं दाखवा, मी त्याचं चित्रीकरण करून जोडते." आणि मग, "झालंय ना ते? मला आता रात्र रात्र तेच दिसतं. आईला फसवलं त्या दिव्याने."

"झालंय," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी मी हिरव्या माणसाची वायर हातात घेतली. ती गाड्यांच्या लाल दिव्याबरोबर जोडायची असते. मी ती हिरव्याबरोबर जोडली. म्हणजे बटण दाबलं की गाड्यांनाही हिरवा, माणसांनाही हिरवा. वरून एक काळी पट्टी गुंडाळली, जुनी झिजलेली जोडणी वाटावी म्हणून. चाळीस वर्षं मी लोकांच्या यंत्रांतला दोष काढत आलो. दोष घालायची ही पहिलीच वेळ, आणि हात जराही थरथरला नाही याची मला आजही लाज वाटते.

तपासून बघायला हवं म्हणून मी मंडळ सुरू केलं. गाड्यांचा हिरवा लागला.

टक टक.

'थांबा' पेटला, आणि लगेच विझला. समोर हिरवा माणूस उभा. डबड्यात दोन हिरवे दिवे एकाच वेळी पेटले होते, आणि कुठल्याही चौकात दिसू नये असं ते दृश्य माझ्या टेबलावर होतं.

बोळाच्या टोकाला फरशीवर सपातेचा आवाज झाला. चट्. मग दुसऱ्या पायाचा आवाज व्हायला हवा होता, तो झाला नाही. तिथे नुसती मऊ, अनवाणी थाप.

मी धावत जाऊन प्लग उपटला. दिवे विझले. पाऊल पुढे आलं नाही. पण बाहेर, अगदी खिडकीखाली, एका जड गाडीने करकचून ब्रेक दाबला. आमच्या खिडकीखाली गाडी जाईल एवढी जागाच नाही. तिथे भिंत आहे.

त्यानंतर मी बराच वेळ भिंतीला टेकून उभा होतो. एवढं नक्की समजलं होतं की मी हे दुसऱ्यांदा करत होतो. तरीसुद्धा मी ती वायर काढली नाही. मुलगी उद्या येणार होती आणि तिच्यासमोर खरं बोलण्यापेक्षा मला हे सोपं वाटत होतं. मनुष्यस्वभाव, म्हणायचं आणि काय.

५

रविवारी मुलगी आली ती अर्जाची फाईल छातीशी धरूनच. आल्या आल्या डबड्यावरून हात फिरवला. "हाच ना तो?" म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला, करडा. तिने फोन टेबलाशी टेकवून चित्रीकरण सुरू केलं.

"हं, बाबा. आधी बरोबर कसं चालतं ते."

मी प्लग लावला. गाड्यांना हिरवा. पाच ठोके. पिवळा. लाल. पुन्हा हिरवा.

"आता बटण दाबा. बटण कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये," मी म्हणालो. "वायर कापलीय मी त्याची." खरं म्हणजे मी ठरवलं होतं की वायरीची दोन टोकं हातानेच एकमेकांना लावायची. हात टेबलावर होते. मी ते उचललेही नाहीत.

टक टक.

मुलीने मान वर केली. "कोणी दाबलं?" ती बोळाकडे बघत होती. "स्वयंपाकघरात कोणी आहे का, बाबा?"

'थांबा' पेटला आणि विझला. दोन हिरवे दिवे एकदम लागले. मुलगी ओरडली, "हे बघा! हेच, हेच झालं असणार!" आणि त्याच वेळी मला बोळाच्या टोकावरून ऐकू आलं. मोठा आवाज नाही. रस्त्यापलीकडून बोलावं तेवढाच, गाड्यांच्या आवाजावरून येईल इतका.

"अहो, येऊ का?"

त्या दिवशीही हेच विचारलं होतं तिने. मी आधीच्या दिव्याला पुढे निघून गेलो होतो, कारण चष्मेवाला साडेतीनला बंद करायचा आणि हिचं आपलं सपातेचा बंद नीट करणं चाललं होतं. दिवा बदलला, ती अलीकडेच राहिली. बटण दोनदा दाबून उभी. मी घड्याळ बघितलं. रस्ता मोकळा होता. तिने तिथून हात वर करून विचारलं, अहो, येऊ का? आणि मी हात हलवून ओरडलो, ये गं, कोणी नाहीये! जन्मात पहिल्यांदा तिने दिव्याऐवजी माझं ऐकलं.

चट्. अनवाणी थाप. चट्.

"थांब!" मी ओरडलो. खुर्ची मागे पडली. "थांब, येऊ नकोस! थांब!"

पाऊल थांबलं.

मी प्लग उपटला नाही. टेबलावर वाकून ती काळी पट्टी नखाने ओरबाडून काढली आणि चुकीची वायर तोडली. हिरवा माणूस विझला. 'थांबा' पुन्हा पेटला, कोणी न दाबताच.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "तुम्ही कुणाला थांब म्हणालात?"

मी सांगितलं. बसलो नाही, तिच्याकडे बघितलंही नाही, हातात तुटकी वायर धरून सगळं सांगितलं. चष्मेवाला, घड्याळ, हात हलवला तो. दिवा चुकला नव्हता आणि आईही चुकली नव्हती, हेही. दोष मीच इथे काल बसवला, हेही.

मग तिने एकच विचारलं. "आईने विचारलं होतं? येऊ का म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही ये म्हणालात."

"हो."

तिने हात पुढे करून चित्रीकरण बंद केलं. मग अगदी हळू म्हणाली, "अजून उभी आहे ती. दिवा पेटलाय. बाबा, तिला नीट जोडून द्या."

मला सोल्डर धरता येईना. तिने वायर धरली, मी डाग दिला. लालबरोबर, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती. दोघेही टेबलामागे उभे राहिलो. गाड्यांना हिरवा. पाच ठोके एवढे लांब असतात हे मला कधी कळलं नव्हतं. पिवळा. लाल.

हिरवा माणूस लागला.

मी तिला हाक मारली नाही. मुलीनेही नाही. बोळाच्या टोकाला क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मला कळलं की ती उजवीकडे बघतेय, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. नंतर पावलं आली. चट्, थाप, चट्, थाप, घाई नाही. बोळाच्या तोंडाचा पडदा आतून बाहेर फुगला, कोपराएवढा आणि त्याखाली पिशवीएवढा. खाली फरशीवर, पडद्याच्या कडेला, मला एक टाच दिसली. धूळ लागलेली, अनवाणी. मी लगेच मान खाली घातली. पुढचं मी बघितलं नाही. मुलीने बघितलं की नाही ते तिलाच ठाऊक.

थंड वाऱ्याची एक झुळूक आमच्या दोघांच्या मधून गेली आणि दाराकडे विरली. 'थांबा' विझला.

"पोचली," मुलगी म्हणाली.

६

अर्जाची फाईल ती टेबलावरच विसरून गेली. की ठेवून गेली, मला विचारायची हिंमत नाही. निघताना दारात पायांत चपला घालताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. घरी गेल्यावर 'पोचले' कळवायची या घराची रीत. त्या संध्याकाळी तिचं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

मी रोज सव्वातीनला मंडळ सुरू करतो. ते अगदी बरोबर चालतं, ठोक्याचीही चूक नाही. बटण पुन्हा चौकटीला लावलंय. कोणी दाबत नाही. मी बोळात जाऊन उभा राहतो, आता मला जायला भीती वाटत नाही, आणि तिथे बोळाशिवाय काही नसतं. चहा मी एकच कप करतो. घर इतकं रिकामं आहे हे मला ती असताना, म्हणजे त्या आठ दिवसांत, विसरायला झालं होतं.

ती एक सपात मी कपाटातून काढून दाराशी ठेवलीय. का, ते सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मुलीचं नाव. खाली एकच शब्द होता.

'पोचले.'

कुठे गेली होती, कुठून आली होती, मला काहीच माहीत नव्हतं. विचारावंसं खूप वाटलं. मी तो शब्द दोनदा वाचला आणि 'बरं' एवढंच लिहून पाठवलं.